सिनेमा आता कुठे लागतो?

(आंबिवली येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही.

आपण ‘सिनेमा लागला’ असं म्हणतो. लागला म्हणजे कुठल्या तरी टॉकीजला लागला. जागा ठरलेली, खेळाची वेळ ठरलेली आणि एक दिवस तो उतरणार हेही ठरलेलं. मग किती आठवडे चालला हा पुढचा प्रश्न. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. दादा कोंडक्यांचं नाव त्या हिशेबावरच गाजलं. आता जरा कानोसा घेऊन बघा. ‘नेटफ्लिक्सवर लागला’ असं कुणी म्हणत नाही, ‘नेटफ्लिक्सवर आला’ म्हणतात. उतरतो कधी ते कळतही नाही. किती चालला ते तर विचारूच नका. ही नुसती शब्दांची गंमत वाटेल, पण आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते सगळं या दोन क्रियापदांच्या मध्ये बसलेलं आहे.

नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डिसेंबरात अॅमेझॉन प्राइम व्हिडिओ. हॉटस्टार त्याआधी वर्षभर, २०१५ पासून होतंच. या तारखा शेजारी ठेवायच्या, कारण यात जिओ नसतं तर बाकीच्यांचं काय झालं असतं सांगता येत नाही. डेटा स्वस्त झाला म्हणून सिनेमा खिशात आला. सिनेमावाल्यांनी त्यासाठी फार काही केलं, असं नाही.

आता एक प्रश्न. नेटफ्लिक्सचा भारतातला पहिला ‘ओरिजिनल’ चित्रपट कोणता? (श्रोत्यांतून: ‘सेक्रेड गेम्स!’) ती मालिका, तीही जुलै २०१८ ची. चित्रपट त्याआधीचा, १४ फेब्रुवारी २०१८ चा, ‘लव्ह पर स्क्वेअर फूट’. आनंद तिवारींचा. विकी कौशल आणि अंगिरा धर. गोष्ट काय, तर मुंबईत स्वतःचं घर हवं म्हणून एकत्र येणारे दोघे. प्रेम नंतर, आधी फ्लॅट. (हशा) हसू नका, कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घराचे दर परवडेनात म्हणून माणूस मुंबईतून ठाणे, ठाण्यातून डोंबिवली, डोंबिवलीतून शहाड-आंबिवली-टिटवाळा असा रुळांच्या कडेकडेने सरकत आला. घर आणि सिनेमा यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा घट्ट आहे. वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहत असतील, तर सिनेमा बघायला बाहेर जाणं ही चैन नसते, दम खाण्याची ती एकच जागा असते. आणि त्याच घरात प्रत्येकाच्या हातात फोन आला की प्रत्येकाची वेगळी टॉकीज होते. आई एका कोपऱ्यात, मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांच्या कानात इअरफोन.

आता ‘ओरिजिनल’ या शब्दाकडे येऊ, कारण इथे बरीच गफलत होते. ओरिजिनल म्हणजे नेटफ्लिक्सने बनवलेला, असं आपण धरून चालतो. ‘लव्ह पर स्क्वेअर फूट’ बनवला रॉनी स्क्रूवालांच्या आरएसव्हीपीने. नेटफ्लिक्सवरचा पहिला मराठी ‘ओरिजिनल’ म्हणून गाजावाजा झाला तो ‘फायरब्रँड’चा, फेब्रुवारी २०१९ मध्ये. दिग्दर्शन अरुणाराजे यांचं, निर्मिती प्रियांका चोप्रांच्या कंपनीची. पुढच्याच महिन्यात ‘१५ ऑगस्ट’ आला, चाळीतली गोष्ट, निर्मिती माधुरी दीक्षित यांची. म्हणजे कॅमेऱ्यापुढे-मागे राबणारे लोक आपलेच, निर्मातेही आपले. पाटी मात्र कंपनीची. ‘ओरिजिनल’ या पाटीचा खरा अर्थ एवढाच की हा चित्रपट आमच्याकडेच दिसेल, दुसरीकडे शोधू नका. कधी कंपनी गोष्ट ऐकून सुरुवातीपासून पैसे घालते, कधी तयार चित्रपट उचलते. पाटी दोन्हींवर तीच.

आणि तिसरा प्रकार म्हणजे थिएटरात लागून गेलेला चित्रपट नंतर ओटीटीवर येतो तो. या तीन प्रकारांत पैशाचं गणित वेगवेगळं असतं. ते थोडं फोडून सांगायला हवं.

२००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाटणीवरून मोठं भांडण झालं होतं. एप्रिल ते जून अशी सुमारे दोन महिने नव्या मोठ्या हिंदी चित्रपटांची कोंडी झाली. शेवटी जी तडजोड झाली ती ढोबळमानाने अशी: कर वजा जाता तिकिटाचे जे पैसे उरतात, त्यातले पहिल्या आठवड्यात ५० टक्के वितरकाचे, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे चित्रपट जितका जुना होत जाईल तितका निर्मात्याच्या बाजूचा वाटा कमी. मोठ्या हिंदी चित्रपटाला हे चालतं, त्याची बहुतेक कमाई पहिल्या दहा दिवसांत होते. मराठी चित्रपटाचं तसं नसतं. जाहिरातीला पैसे नाहीत, मग एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्या आठवड्यात घरातली सगळी निघणार. तोवर वाटा घसरलेला आणि खेळही. सकाळी दहाचा एक, तोही आठवड्याच्या मधल्या वारी. सकाळी दहाला आंबिवलीचा नोकरदार असतो कुठे? फलाटावर, किंवा तोवर दादरला.

राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, मग गदारोळ झाला आणि ती वेळ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी केली. दुपारी बारा हा कोणाचा प्राइम टाइम, ते तुम्हीच ठरवा. हा वाद अजून मिटलेला नाही. जुलै २०२५ मध्ये ‘सैयारा’पुढे ‘ये रे ये रे पैसा ३’चे खेळ काढले गेल्याची तक्रार झाली, तेव्हाही तेच शब्द पुन्हा ऐकू आले.

अशा निर्मात्यापुढे कुणी येऊन म्हणालं, की खेळांची चिंता सोडा, आम्ही ठरावीक रक्कम देतो, चित्रपट आम्हाला द्या, तर तो काय करेल? देईल. आम्हीही दिला असता. बरं, कोविडच्या काळात तर दुसरा रस्ताच नव्हता. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. जूनमध्ये ‘गुलाबो सिताबो’ थेट प्राइमवर आला आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनी उघड नाराजी दाखवली. महाराष्ट्रात नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर थिएटरं उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. मग २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. या फटीत मराठीचं एक छोटं पीक आलं: मार्च २०२१ ला प्राइमवर ‘पिकासो’, एप्रिलमध्ये ‘वेल डन बेबी’, मेमध्ये नीना कुळकर्णींचा ‘फोटो प्रेम’. आणि ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर ‘द डिसायपल’.

‘द डिसायपल’पाशी थोडं थांबू या, कारण हा सगळा पेच त्या एका चित्रपटात दिसतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा हा दुसरा चित्रपट. पहिला ‘कोर्ट’, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता आणि एप्रिल २०१५ मध्ये तो रीतसर थिएटरात लागला होता. ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. तिथे भारतीय चित्रपट ‘मान्सून वेडिंग’नंतर, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी पोचला. पटकथेचं पारितोषिक मिळालं, समीक्षकांचंही मिळालं. ‘रोमा’वाले अल्फोन्सो क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते. मराठी चित्रपटाच्या वाट्याला एवढं फार क्वचित येतं. आणि तो थिएटरात न लागता थेट नेटफ्लिक्सवर आला, ऐन दुसऱ्या लाटेत. लोक तेव्हा ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत होते. चित्रपटात गुरूंच्या गुरू ‘माई’ यांचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या १९ एप्रिलला गेल्या, चित्रपट घराघरांत पोचायच्या अकरा दिवस आधी.

गोष्ट शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या शरद नेरुळकरची. भूमिका आदित्य मोडक यांनी केली, ते स्वतः गायक. शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो आणि कानात माईंचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकतो. मोटरसायकल सावकाश चालते, मागे तानपुरा चालू असतो, आणि त्या आवाजात माई साधनेबद्दल बोलत असतात. हे दृश्य मोठ्या पडद्यासाठी केलेलं आहे असं आम्हाला वाटतं. तांत्रिक कारण साधं आहे: तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर फोनच्या चिमुकल्या स्पीकरला पेलत नाही, तेवढी हवा ढकलायला त्याच्याकडे पडदाच नाही. वरचा झंकार तेवढा ऐकू येतो. चांगला इअरफोन लावला तर बरंच परत मिळतं. चित्राचंही तसंच. ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात, अख्खी मैफल एका चौकटीत दिसते, आणि पुढे-मागे बसलेल्या श्रोत्यांपैकी कोण कंटाळलंय, कोण माना डोलावतंय हे आपण शोधायचं असतं. सहा इंचांच्या पडद्यावर तो श्रोता भाताच्या शिताएवढा. त्याचा कंटाळा कसा दिसणार?

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती लहान नाही. समजा, ‘द डिसायपल’ थिएटरात लागला असता. किती ठिकाणी? मुंबई-पुण्यात काही मल्टिप्लेक्स, नाशिक, कोल्हापूर, झालंच तर ठाणे. कल्याणला कदाचित एक खेळ. वासिंदला, आसनगावला, कसाऱ्याला शून्य. नेटफ्लिक्समुळे तो त्याच दिवशी न्यू जर्सीतल्या मराठी घरात, ब्राझीलमध्ये आणि कसाऱ्यातही उपलब्ध झाला. पोचला का, हा वेगळा प्रश्न. उपलब्ध झाला एवढं नक्की.

आणि तो किती लोकांनी बघितला? इथे कंपनीचा पडदा खाली येतो. टॉकीजला हाऊसफुलची पाटी लागली की ती रस्त्यावरच्या माणसालाही दिसायची. इथे मोजणी कंपनीच्या घरात. मोजायची रीतही बदलत आली: एकेकाळी चित्रपटाचा सत्तर टक्के भाग बघितला तर एक प्रेक्षक धरत, २०२० च्या सुरुवातीपासून दोन मिनिटं बघितलं तरी धरू लागले, मग एकूण तास मोजू लागले, आणि २०२३ पासून एकूण तासांना चित्रपटाच्या लांबीने भागून ‘व्ह्यूज’ काढतात. दोन मिनिटांचा प्रेक्षक! आपल्याकडे दोन मिनिटांत तंबाखू मळून होत नाही. (हशा) डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने पहिल्यांदा १८ हजारांहून अधिक कार्यक्रमांचे सहा महिन्यांचे तास जाहीर केले, हे बरं झालं. पण तोवर दिग्दर्शकाला स्वतःचा चित्रपट चालला की पडला हे कंपनी सांगेल तेवढंच कळत होतं.

मग हे मराठी पीक पुढे का वाढलं नाही? २०२१ नंतर बड्या कंपन्यांचे थेट मराठी चित्रपट तुरळक झाले. अनेक जण याला मराठीचा दुस्वास म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हिशेब बघितला तर उत्तर सापडतं, आणि ते जास्त बोचणारं आहे. थिएटर एकेका चित्रपटाचं तिकीट विकतं. ओटीटी कंपनी महिन्याची वर्गणी विकते. तिच्या दृष्टीने चित्रपटाची किंमत एवढीच, की याच्यामुळे नवे वर्गणीदार किती येतील आणि जुने किती टिकतील. फेब्रुवारी २०२१ मध्ये मल्याळम ‘दृश्यम २’ थेट प्राइमवर आला, नोव्हेंबरात तमिळ ‘जय भीम’, डिसेंबरात नेटफ्लिक्सवर मल्याळम ‘मिन्नल मुरली’. त्या भाषांतला बराच प्रेक्षक हिंदी चित्रपटासाठी वर्गणी भरणार नाही, त्याला त्याच्या भाषेतलं द्यावंच लागतं. मराठी माणूस हिंदी सहज बघतो. ‘सेक्रेड गेम्स’साठी त्याने वर्गणी आधीच भरलेली असते. मग त्याच्यासाठी वेगळा मराठी चित्रपट करून कंपनीला जास्तीचं काय मिळणार? आपली दुभाषी सोय आपल्याच भाषेच्या मुळावर येते, ती अशी. बंगालीत २०१७ पासून होईचोई आहे, तेलुगूत २०२० पासून आहा. मराठीत प्लॅनेट मराठीने २०२१ मध्ये ‘जून’ आणून तसा प्रयत्न केला. पण जो आधीच दोन ठिकाणी वर्गणी भरतो, त्याच्या खिशातून तिसरी काढणं अवघड असतं.

आता आंबिवलीचा विचार करू. एनआरसी चालू होती तेव्हा इथल्या कित्येकांचं काम चालत जायच्या अंतरावर होतं. २००९ च्या अखेरीला कंपनी बंद पडली. आज मोहने, वडवली, आटाळीचा माणूस कामासाठी लोकल पकडतो. सीएसएमटी साठेक किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास सहज गाडीत. कल्याणच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की फलाटावरचा वेळ वेगळा. हे तीन तास म्हणजे नेमका एक चित्रपट आणि वर थोडं. रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा, सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. मध्यंतर ऑफिसात. (हशा) नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये फक्त मोबाइलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन काढला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर आणला. तो कोणाला डोळ्यांपुढे ठेवून काढला असेल? दाराजवळच्या दांडीला एका हाताने लटकून दुसऱ्या हातात फोन धरणाऱ्या माणसालाच. उलट, चौघांनी कल्याणच्या मल्टिप्लेक्सला जायचं म्हणजे तिकिटं, रिक्षा, आत पाण्याची बाटलीसुद्धा विकत, आणि रात्रीच्या खेळानंतर परतीची गाडी मिळेल का हा घोर. समजा, एका तिकिटाला २०० रुपये धरले, तर नुसत्या तिकिटांतच फोनवरचे पाच महिने निघतात.

याच लोकांनी मग ‘बाईपण भारी देवा’ला गर्दी का केली? हे गणिताने सुटत नाही. ३० जून २०२३ ला केदार शिंदेंचा हा चित्रपट लागला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. बायका गटागटाने गेल्या: सोसायटीतल्या, भिशीतल्या, एका डब्यातून प्रवास करणाऱ्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून, आणि शेवटी थिएटरात फेर धरून नाचल्या. घरी टीव्ही होता, फोन होता, दोन महिने थांबलं तर घरबसल्या दिसणारही होता. पण घरी बघायचा म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजत, कुणाला तरी चहा करून देत बघायचा. थिएटरातल्या त्या अडीच तासांत कुणीही ‘अगं, जरा पाणी दे’ म्हणत नाही. तिकीट चित्रपटाचं होतं, पण विकत घेतले होते ते हे अडीच तास. २०१६ मध्ये ‘सैराट’च्या वेळी साताऱ्याकडे रहिमतपूरला रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले, असं तेव्हा छापून आलं होतं. आसपासच्या गावांतून लोक टेंपो करून येत होते म्हणे. पहाटे तीनला नुसता सिनेमा बघायला कोण जातं? इतर सगळे जातात म्हणून जातात.

हे ओळखून मल्टिप्लेक्सच्या बड्या साखळ्यांनी ऑगस्ट २०२२ पासून हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांची अट घातली. थिएटरात लागल्यावर आठ आठवडे ओटीटीवर यायचं नाही, नाही तर आम्ही लावणार नाही. कोविडच्या दिवसांत ही मुदत चार आठवड्यांवर आली होती. ओटीटी कंपन्याही आता थिएटरातली कमाई बघून भाव ठरवतात. म्हणजे ज्या छोट्या चित्रपटाला थिएटर मिळत नाही म्हणून ओटीटीची आशा होती, त्याला ओटीटीवाला विचारतो, थिएटरात किती केलं? विहिरीवर गेलो तर म्हणतात नदीवर जा, नदीवर गेलो तर म्हणतात विहिरीवर.

शेवटचा मुद्दा मंडळांचा, कारण इथे मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत आणि सुरुवातीलाच चिठ्ठी आली आहे: ‘गणपतीत पडद्यावर ओटीटीवरचा सिनेमा दाखवला तर चालेल का?’

पडद्यावरच्या सिनेमाची आपली परंपरा जुनी आहे. जत्रेतले तंबू आठवा. त्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, २०१६ मध्ये तो कानला गौरवला गेला. पुढे गणपतीत गल्लीत पांढरं कापड बांधून दाखवायचे, दोन्ही बाजूंनी बघायचे, मागच्या बाजूच्या लोकांना नायक डावखुरा दिसायचा. तेव्हा भाड्याने प्रिंट मिळायची, म्हणजे चित्रपट ही एक वस्तू होती, ती आणता-नेता यायची. ओटीटीची वर्गणी भरली की आपल्याला मिळते ती आपल्या घरापुरती बघण्याची परवानगी. मंडपात दाखवणं त्या परवानगीत बसत नाही. मग ते फुकट दाखवलं तरी, आणि वर्गणी मंडळाच्या नावाने भरली तरी.

जो चित्रपट थिएटरात लागून गेला आहे, त्याच्या निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहा. मराठी निर्माते बऱ्याचदा हो म्हणतात, कधी माफक पैसे घेतात, कधी कलाकारालाही घेऊन येतात. पत्र गणपतीच्या निदान दोन महिने आधी गेलं पाहिजे, आदल्या आठवड्यात फोन करून उपयोग नाही. जो चित्रपट एकाच कंपनीकडे आहे, त्याच्यासाठी त्या कंपनीकडेच विचारावं लागतं, आणि आंबिवलीच्या एका मंडळाच्या एका रात्रीच्या खेळासाठी तिथे कोणती खिडकी उघडी असते, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. ‘द डिसायपल’ त्यातलाच. त्याचा शेवट लोकलच्या डब्यात होतो, शरद बायको-मुलीबरोबर बसलेला असतो आणि एक जण गाणं म्हणत डब्यातून जातो. तो इथे, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, दोनशे माणसांत बसून बघायला आम्हाला फार आवडला असतं.

बाकीच्या चिठ्ठ्या आता घेऊ. पहिली चिठ्ठी सेन्सॉरबद्दल आहे.